अप्पांची साक्ष आणि आईचा खोकला

"मुसळ काढा," आई म्हणाली. "बाकी काय ठेवायचं ते ठेवा, पण मुसळ काढा."

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांना हे अजिबात पटलेलं नव्हतं. मुसळ काढलं तर मागे राहिलं काय, बायकांच्या बाजूला रडू फुटतं ते मुसळावरच, असं त्यांचं म्हणणं.

"त्यांना रडू फुटतं, आणि सभा सुटली की त्या माझ्या पाठीवर हात फिरवायला येतात," आई म्हणाली. "राहुरीला एकीने तर पदर सरकवून वळ शोधले. मी काय दाखवू तिला?"

लेवीकाका ओट्याच्या कडेला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. काकांना हसू आलं की आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे.

आम्ही अप्पांची पापं निवडत होतो. तांदूळ निवडावेत तशी. फरक इतकाच की खडे कोणते आणि तांदूळ कोणते, यावर घरात एकमत होत नव्हतं.

माझे वडील, शमुवेल लोंढे, मिशनच्या दवाखान्यात जीपवर ड्रायव्हर होते. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते जीपमुळे नव्हे, साक्षीमुळे. आमच्या मंडळीत साक्ष म्हणजे चारचौघांत उभं राहून, देवाने आपल्याला कुठल्या चिखलातून काढलं ते सांगायचं. बहुतेकांची साक्ष म्हणजे ताप उतरला, मुलगा दहावी झाला, एवढीच. अप्पांची साक्ष ऐकायला मात्र लोक बैलगाड्या जोडून यायचे. जालन्यापलीकडच्या आमच्या जुन्या गावी ते हातभट्टीची पीत. एकच बोकड त्यांनी तीन बाजारांत तीन गिऱ्हाइकांना विकला होता. आईच्या पाठीत मुसळ घातलं होतं. आणि शेवटी एका मे महिन्यात, सगळं गाव दुपारचं लवंडलेलं असताना, ते तिथल्या ख्रिस्ती देवळाच्या मनोऱ्यावर चढले. घंटेतला लोलक काढून भंगारात विकायचा आणि त्याची प्यायची, असा बेत होता.

इथून पुढे अप्पांचा आवाज खाली यायचा. लोलक काढताना घंटेला धक्का लागतो. ठण. थोडा वेळ जातो. पुन्हा ठण. आता उपासनेची घंटा असते भरभर, आणि मौताची घंटा असते अशी एकेक, मध्ये थांबून. गावाला वाटतं कुणी वारलं. माणसं उन्हात धावत येतात. सगळ्यांच्या पुढे गावची बायबलबाई, जी घरोघर जाऊन शास्त्र शिकवायची ती. वर बघून ती विचारते, "कोण गेलं रे?"

आणि वरून दारुड्या म्हणतो, "मी."

एवढं बोलून अप्पा थांबायचे, चष्मा पुसायचे, आणि मांडवात डोळा कोरडा राहायचा नाही. मी लहानपणापासून पहिल्या रांगेत बसून ही साक्ष ऐकत आलेली. मला ती तोंडपाठ होती आणि तरी दर वेळी त्या "मी"ला माझ्या अंगावर काटा यायचा.

मग आता पापं कमी का करायची? तर माझ्यामुळे.

मला आमोस हवा होता. सरळच सांगते, आता लाजायचं वय राहिलेलं नाही. आमोस रणनवरे संगमनेरचा. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांचं एक शिबिर झालं होतं. तिथे तो मुलांना गाणी शिकवताना पेटीवर बसायचा आणि एक स्वर हमखास चुकवायचा. मी हसले की तोच स्वर मुद्दाम पुन्हा चुकवायचा. घरी विचारणं झालं, मुलगी पसंत पडली, आणि तिथेच गाडी अडकली. त्याचे वडील योसेफ रणनवरे निवृत्त हेडमास्तर होते. शिस्तीचे. त्यांनी निरोप धाडला की मुलीबद्दल तक्रार नाही, पण मुलीचे वडील पूर्वी पीत होते असं गावोगाव ऐकू येतं, नव्हे, ते स्वतःच सांगतात. तेव्हा येत्या संजीवन सभेला आम्ही जातीने येऊ, साक्ष ऐकू, माणूस बघू आणि मग ठरवू.

त्या निरोपाने घरात धांदल उडवली. साक्ष रद्द करावी तर पाळकांनी फलक रंगवून मिशनच्या फाटकावर टांगलासुद्धा होता: "दारूच्या गर्तेतून प्रकाशाकडे, बंधू शमुवेल लोंढे". गर्ता हा शब्द पेंटरने इतका मोठा काढला होता की अप्पांचं नाव पार कोपऱ्यात गेलं होतं.

म्हणून ही निवडानिवड. हातभट्टीच्या जागी ताडी करावी, असं मी सुचवलं. ताडीने काही माणूस मनोऱ्यावर चढत नाही, असं अप्पा म्हणाले. बोकड ठेवावा, त्यावर लोक हसतात आणि हसलेला माणूस मवाळ होतो, असं माझं मत होतं.

"बरं, शेळी तीन बाजारांऐवजी..." अप्पा सुरू झाले.

"शेळी नव्हे दादा, बोकड," काका शेंगांवरून मान न उचलता म्हणाले. "कानावर पांढरा ठिपका असलेला."

"तेच ते."

काका असे मधूनमधून दुरुस्त्या करायचे. मला वाटायचं, धाकटा भाऊ म्हणून त्यांनी सगळं जवळून पाहिलेलं असणार. काका देवळाची झाडलोट करायचे आणि घंटा वाजवायचे. लग्न केलं नाही, आमच्याच मागच्या खोलीत राहायचे. खोकला झाला तर औषधाचं झाकण काढून वास घ्यायचे आणि बाटली परत ठेवून द्यायचे. साक्षीला कधी उभे राहिले नाहीत. अप्पा बोलायला लागले की उठून मनोऱ्याखाली दोरापाशी जाऊन बसायचे. नवे पाळक आले तेव्हा त्यांनी काकांना सगळ्यांसमोर विचारलं होतं, की लेवीकाका, देवाने तुमच्यासाठी काहीच केलं नाही का हो, कधी चार शब्द बोलत नाही. काका हसले होते. मला तेव्हा काकांची थोडी कीव आली होती. बिचाऱ्यांना सांगण्यासारखं एवढंसंही पाप नाही.

शेवटी तह झाला. मुसळ काढायचं, बोकड एकाच बाजारात विकायचा, आणि हातभट्टीला नुसतं "व्यसन" म्हणायचं. मनोरा जसाच्या तसा. अप्पा आतल्या खोलीत जाऊन नवी साक्ष पाठ करू लागले. मुसळाच्या जागेवर आले की अडखळत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. आई चुलीपुढे बसून ऐकत होती. मध्येच स्वतःशीच म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." मी विचारलं कशाबद्दल म्हणतेस, तर म्हणाली की भाकरी करपली.

सभेचा तो शेवटचा दिवस होता, सकाळची बैठक. मिशनच्या आवारात चिंचेखाली मांडव घातलेला. पुरुष एका बाजूला सतरंजीवर, बायका दुसऱ्या बाजूला. रणनवरे मंडळी जीपगाडीने आली. हेडमास्तर उतरले, पांढरं धोतर, काळा कोट, हातात छत्री. आमोस उतरला आणि त्याने माझ्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न केला की तो मांडवाच्या खांबाला धडकला. मी पदर तोंडाला लावला. त्या सकाळी मला कशाचंही हसू येत होतं. भीती वाटली की मला असंच होतं.

मग त्या दोघांनी धरून एका म्हातारीला खाली उतरवलं. आमोसची आजी. नातसून बघायची म्हणून हट्टाने आलेली. मोतीबिंदूने दोन्ही डोळे दुधाळ झालेले, पण आवाज खणखणीत. तिला पुढे खुर्ची दिली. कोण आलंय, किती आलेत, इथे चहा आहे का, हे तिने सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारून घेतलं.

माझ्या शेजारी आईने एकदम माझा दंड धरला. "देवा," ती पुटपुटली. मी वळून बघितलं तर ती त्या म्हातारीकडे टक लावून बघत होती. काय झालं विचारलं तर तिने पदर तोंडावर घेतला. घाबरली होती की हसत होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

गाणं झालं. पाळकांनी अप्पांचं नाव पुकारलं. अप्पा नव्या सदऱ्यात उभे राहिले, घसा साफ केला, आणि ठरल्याप्रमाणे सुरू केलं. व्यसन झालं. एका बाजारातला बोकड झाला. हेडमास्तर छत्रीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावरची आठी एकेक घडी उलगडत चालली होती. मी मनातल्या मनात लग्नाची साडी निवडायला घेतली. अप्पा मनोऱ्यावर चढले. आवाज खाली आणला. ठण. थांबले. ठण.

"अगं बाई," म्हातारी मोठ्याने म्हणाली. "हा तर आपला लेवी. लेवी, लेकरा, तूच का रे बोलतोस?"

मांडवात थोडं हसू पिकलं. हेडमास्तर ओशाळले. त्यांनी वाकून आपल्या आईच्या कानात सांगितलं, पण वर्गावर बोलायची सवय असल्यामुळे ते सगळ्यांनीच ऐकलं: हे लेवी नव्हेत आई, हे शमुवेलराव. मुलीचे वडील.

"शमुवेल? लेवीचा थोरला?" म्हातारी विचारात पडली. "मग हा लेवीचं काहून सांगतो?"

आता कुणी हसलं नाही. हेडमास्तर उभे राहिले आणि अप्पांना म्हणाले की माफ करा, वय झालंय, आईची गल्लत होते, आपण पुढे चालू द्या.

अप्पांना सुटायला वाट सरळ होती. एक आंधळी म्हातारी, तिची गल्लत. अख्खा मांडव ते मानायला तयार बसला होता. त्यांनी नुसतं हसून पुढे "कोण गेलं रे" म्हटलं असतं तरी माझं लग्न त्याच दुपारी ठरलं असतं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग मांडवाच्या बाहेर, मनोऱ्याखाली बसलेल्या काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. आजही मला ती मान स्पष्ट दिसते. ती "सांग" म्हणत नव्हती. ती म्हणत होती, राहू दे दादा, पोरीचं लग्न आहे.

अप्पांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, खिशात ठेवला.

"गल्लत त्यांची नाही," ते म्हणाले. "रिबकाबाई, सलाम. तुम्ही वर बघून विचारलं होतं, कोण गेलं. वर लेवी होता. मी खाली होतो, गर्दीत, तुमच्या मागे. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही."

मांडवातून एक असा आवाज आला, जणू सगळ्यांनी मिळून एकदम श्वास आत घेतला. गंमत बघा, दारू प्यायलो म्हणून सांगितलं तेव्हा याच लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातले होते. आणि आता प्यायलो नाही म्हणाले, तर पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी कपाळावर हात मारला.

मग अप्पांनी सगळं सांगितलं, तिखटमीठ न लावता, आणि त्यामुळे अडखळत. एकदा एका गावी ते एका उपदेशकांना जीपमधून घेऊन गेले होते. उपदेशकांचा घसा बसला. लोक ताटकळलेले. कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हरसाहेब, तुम्हीच दोन शब्द साक्ष द्या. "मी उभा राहिलो," अप्पा म्हणाले, "आणि माझ्यापाशी काही नव्हतं. मी काय सांगणार? लहानपणापासून उपासनेला वेळेवर जातो, हे? शास्त्रातल्या त्या गोष्टीतसुद्धा गोठ्यातलं वासरू कापतात ते घर सोडून जाऊन परत आलेल्या मुलासाठी. घरी राहून शेण काढणाऱ्याला कोण विचारतं? मी म्हणणार होतो, माझ्या भावाची गोष्ट सांगतो. तोंडातून 'मी' निघून गेलं. लोक रडले. एका म्हाताऱ्याने माझे हात धरले. मला ते इतकं गोड लागलं की दुसऱ्या गावीही 'मी'च निघालं. लेवी आपली दारू तिथेच टाकून आला, आणि मी ती उचलून आणली. मला तीच चढली."

ते खाली बसणार होते. मग पुन्हा सरळ झाले. "आणि हिला मी कधी मारलेलं नाही. मुसळ मी पदरचं घातलं."

"हुश्श," आई म्हणाली. बायकांच्या अख्ख्या बाजूला ऐकू गेलं.

मला काय वाटत होतं, ते मलाच कळेना. एकीकडे साडी, पेटी, तो चुकलेला स्वर, सगळं हातातून चाललं होतं. दुसरीकडे पोटातून हसू उसळत होतं, काहीतरी मोठं ओझं कुणीतरी धपकन खाली टाकल्यासारखं. आणि काकांचा विचार आला, तशी मी रडायलाच लागले. शेळी नव्हे दादा, बोकड. इतकी वर्षं स्वतःचंच आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, आणि फक्त बोकडापुरती दुरुस्ती करायची.

हेडमास्तर अजून उभेच होते. त्यांचा आवाज कडक नव्हता, पण शाळेतला होता. ते म्हणाले की मी एका गोष्टीची चौकशी करायला आलो होतो आणि दुसरीच निघाली. दारू सुटते, हे मी पाहिलंय. "पण शमुवेलराव, खोटं सुटतं का?"

"माहीत नाही, सर," अप्पा म्हणाले. "आत्ताच सोडलंय."

कुणीतरी फिसकन हसलं. तो आमोस होता. मग त्याच्या शेजारचा, मग बायका, आणि मग सगळा मांडव. पाळकांना वाटलं आपली सभा हातची गेली, म्हणून ते घाईने गाण्याचा नंबर सांगू लागले, पण तो कुणाला ऐकूच गेला नाही. हेडमास्तर मात्र हसले नाहीत. विचार करावा लागेल, असं म्हणून त्यांनी छत्री काखेत मारली.

"खाली बस, योसेफ," रिबकाबाई म्हणाल्या.

"आई, तू यात..."

"बस म्हणते ना. तुझा बाप कसा होता आणि कसा झाला, त्याची साक्ष मी अजून कुठं दिली नाही. देऊ का आता? माइक हाय का इथं?"

हेडमास्तर बसले. इतक्या वेगाने बसले की छत्री आपोआप उघडली.

"लेवी कुठंय माझा?" म्हातारीने हात पुढे केला.

काकांना दोघातिघांनी ओढून आणलं. रिबकाबाईंनी त्यांचा चेहरा बोटांनी चाचपला, नाक, कान, भुवया, आणि म्हणाल्या की जाड झालास, बरं झालं, तेव्हा नुसती हाडं होती. मग पाळकच म्हणाले, आणि त्यांचा स्वर फार खाली आलेला होता, की काका, आज तुमची साक्ष ऐकू द्या.

काका उभे राहिले. हाताला शेंगांची माती लागलेली असावी तसे तळवे धोतराला पुसत राहिले. सगळा मांडव पुढे झुकला होता.

"दादाने सांगितलं ते बरोबर आहे," काका म्हणाले. "फक्त मुसळ नव्हतं, आणि बोकड दोनदाच विकला. तिसऱ्या बाजाराला तोच पळून गेला." तळवे पुन्हा धोतराला पुसले. "दादा माझ्यापेक्षा चांगलं सांगतो. म्हणून मी कधी बोललो नाही. मला वाटलं, गोष्ट देवाची आहे, माझी कुठं आहे."

आणि खाली बसले. काकांची ती पहिली साक्ष. अप्पा त्यांच्याकडे गेले. मिठी वगैरे मारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. अप्पा भावासमोर उभे राहून नुसते सदऱ्याची बटणं चाचपत होते, एखादं तुटलंय का बघितल्यासारखे. काका उठले, त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "चल दादा. बैठक सुटल्याची घंटा द्यायचीय. आज तू दे."

अप्पांनी जन्मात कधी दोर ओढला नव्हता. घंटेचं एक तंत्र असतं, दोर खाली आला की सोडायचा, वर गेला की झेलायचा, तर ती भरभर वाजते. अप्पा तो जीपच्या हँडब्रेकसारखा दोन्ही हातांनी धरून बसले. ठण. दोराबरोबर तेच चवड्यांवर उचलले गेले. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठण.

काका म्हणत होते, सोड, दादा, सोड. अप्पा सोडत नव्हते. ठण.

आवाराबाहेर बाजाराचा दिवस होता. मौताची घंटा ऐकून माणसं धावत आली, भाजीवाल्या, सायकलवाले, दवाखान्यातली एक नर्स तर हातात थर्मामीटर घेऊन. फाटकाशी गर्दी झाली. कांद्याची पाटी डोक्यावरच असलेली एक बाई धापा टाकत ओरडली, "कोण गेलं हो?"

अप्पा दोराला लोंबकळत होते, सदरा घामाने भिजलेला, केस विस्कटलेले. त्यांनी मान वळवली.

"मी," ते म्हणाले.

ती कांदेवाली काय समजायची ती समजली आणि तरातरा निघून गेली. पण मांडवात कुणीही हललं नाही. तो "मी" मी पाठ म्हणू शकले असते, इतक्यांदा ऐकलेला. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा ऐकला. खुर्चीतून रिबकाबाईंचा आवाज आला, "हां. आता हा शमुवेलचा." हेडमास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि छत्री पुसली. छत्री कोरडीच होती.

दिवाळीच्या सुटीत आमचं लग्न झालं. आमोसने लग्नाच्या गाण्यात तो स्वर चुकवला.

आता यावरून अप्पा त्या दिवशी बदलले आणि कायमचे बदलले, असं समजाल तर फसाल. मीही फसले होते. पुढच्या वर्षीच्या सभेत ते नवी साक्ष द्यायला उभे राहिले: मी खोटी साक्ष देत होतो, त्यातून देवाने मला कसं काढलं. फार छान चाललं होतं. मग म्हणाले, "आणि बंधूंनो, मी कबुली दिली तेव्हा त्या मांडवात पाच हजार माणूस होतं..."

बायकांच्या बाजूने आई खोकली.

अप्पा थांबले. मनात मोजलं. "पाचशे," म्हणाले.

आई पुन्हा खोकली.

"दोनशे असतील. मुलं धरून." मग कान पकडून म्हणाले, "मेलो पुन्हा," आणि पहिल्यापासून सुरू केलं.

ती त्यांची रीतच होऊन गेली. आईचा खोकला जगजाहीर झाला. कधी जेवताना, कधी पाहुण्यांत, कधी दवाखान्यातल्या गप्पांत अप्पांचा घोडा उधळायचा. आई जवळपास असेल तर खोकायची. नसेल तर अप्पा संध्याकाळी स्वतः उठून त्या माणसाच्या दारात जायचे आणि सांगायचे, सकाळी म्हणालो तो साप सात हाताचा नव्हता, दीड हाताचा होता, आणि मी मारला नाही, तोच निघून गेला. लोक तो साप विसरूनसुद्धा गेलेले असायचे. आम्ही हसायचो. अप्पाही हसायचे, पण जायचे. म्हातारपणी गुडघे धरले तेव्हा काठी टेकत जायचे, बरोबर काका असायचे. मी एकदा चिडवलं की अप्पा, तुमचा पश्चात्ताप संपतच नाही. ते म्हणाले, अगं, दाढीसारखं आहे ते, काल केली म्हणून आज भागत नाही.

अप्पा गेले तेव्हा घंटा काकांनीच दिली. एकेक, थांबून थांबून. फाटकाशी कुणी विचारलं, तर काका म्हणाले, "दादा. ह्या वेळी खरंच."

मातीला सगळी मंडळी जमली. पाळकांनी विचारलं की कुणाला काही बोलायचंय का. मग काका उठले. आयुष्यातली त्यांची दुसरी साक्ष. त्यांनी शवपेटीवर हात ठेवला.

"माझा दादा," काका म्हणाले, "आयुष्यात कधी खोटं बोलला नाही."

आई खोकली.

सवयीने खोकली की ठरवून, ते तिने आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. पांढऱ्या साडीत, डोळे सुजलेले, ती सरळ समोर बघत बसली होती. काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मग ते खांदे मी ओळखले. माझ्या शेजारी आमोसने ओठ दाबले, माझ्या मुलीने माझ्या खांद्यात तोंड लपवलं, आणि त्या उघड्या कबरीच्या काठावर एकेक करत सगळी मंडळी डोळे पुसता पुसता हसायला लागली.

काकांनी हसू ओसरू दिलं.

"बोलला," ते म्हणाले. "पण बोलला की दिवस मावळायच्या आत परत यायचा, आणि सांगायचा."

आम्ही सगळ्यांनी आईकडे बघितलं.

आई खोकली नाही.